ऐकून घ्यायची खुर्ची

जेवणं उरकली, आजीने कवळी काढून पाण्याच्या वाटीत सोडली, म्हणजे तिच्या दृष्टीने रविवार संपला; आणि नेमकं तेव्हाच चिमीने जेवणाच्या टेबलापासची एक खुर्ची फरफटत खोलीच्या मधोमध आणली.

"भोंगा वाजणार वाटतं," आतोबा म्हणाले आणि पाय लांब करून बसले.

भोंगा हे नाव ताजं होतं. गेल्या वर्षापर्यंत याच आतोबांनी तिचं नाव मुखस्तंभ ठेवलं होतं, आणि ते शोभायचंही. पाहुणे आले की चिमी आतल्या खोलीत जी शिरायची ती त्यांच्या चपला दारातून हलल्यावरच उगवायची. मग शाळेत शुक्रवारच्या शेवटच्या तासाला 'व्यक्तिमत्त्व विकास आणि करिअर नियोजन' असं मालगाडीसारखं लांब नाव मिळालं, त्या तासाला एक उंच, हसऱ्या बाई आल्या आणि वर्गाने त्यांचं नाव दोन दिवसांत करिअरबाई करून टाकलं. करिअरबाईंनी एकदा चिमीला वर्गाच्या मधोमध खुर्चीत बसवलं. नियम सोपा. खुर्चीतल्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी पाळीपाळीने सांगायचं, हा माणूस कशात चांगला आहे, याने पुढे काय करावं. सगळं ऐकून झालं की खुर्चीतल्याने 'धन्यवाद' म्हणायचं आणि उठायचं, बस्स. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती की भूमिती मला सरांकडून नाही, हिच्याकडून कळली. दुसरी म्हणाली, हिचा आवाज किती छान आहे, ही बोलत का नाही? चिमीचे कान लाल झाले, डोळे भरले, आणि त्यानंतर तिने जो तोंडाचा नळ सोडला तो बंद करणं घरात कुणाला जमेना.

आजची खुर्ची मात्र नुसत्या हौसेची नव्हती. आज खिडकीचं टेबल कुणाचं ते ठरणार होतं.

खाली तळमजल्यावर कवळ्यांचा कारखाना. कारखाना आपला म्हणायचा. तीन टेबलं, मेण वितळवायची शेगडी, पॉलिशचं एक यंत्र आणि सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी भुकटी. दवाखान्यांतून मापं म्हणजे लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, मापावरून साचा, साच्यावर मेण, आणि मेणात एकेक दात बसवायचं काम खिडकीजवळच्या टेबलावर, कारण उजेड तिथे. ते टेबल आजोबांचं. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," आजोबा नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचं बघा, तीन पिढ्या भरतंय." पण आता त्यांचा हात कापायला लागला होता. मागच्या महिन्यात एका दवाखान्याने कवळी परत पाठवली. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत, आणि काल त्यांनी निरोप धाडला, उद्या सगळ्यांनी जेवायला या, टेबलाचं सांगायचंय.

आत्याला मिळणार की बाबांना? आत्या धाकटी, लग्नानंतरही रोज सकाळी येऊन दुसऱ्या टेबलावर बसायची. बाबा थोरले. ते लोखंडी पेटी घेऊन छोट्या गाडीतून दवाखान्यादवाखान्यांत फिरायचे, मापं आणायचे, तयार कवळ्या पोचवायचे. बाबांना टेबल मिळावं असं चिमीला मनापासून वाटत होतं, आणि त्या मनापासूनच्या आत एक लबाडी होती. पुढच्या आठवड्यात शाळेत व्यवसाय दिन होता. पालकांनी येऊन आपल्या कामाबद्दल बोलायचं. 'तुझे वडील काय करतात?' असं करिअरबाईंनी विचारल्यावर चिमी ठणकावून म्हणाली होती, 'कृत्रिम दातांचे कारागीर आहेत.' शेजारच्या बाकावरच्या मुलीचे वडील सर्जन होते. पेटी पोचवतात, हे तिच्या तोंडून निघालंच नाही. आता बाबा खिडकीशी बसले की खोटं आपोआप खरं होणार होतं, म्हणजे ते खोटं नव्हतंच, जरा आधी सांगितलं एवढंच. असा तिचा हिशेब. सगळ्यांनी बाबांचे गुण तोंडाने सांगितले की आजोबा दुसरं काही बोलणार कसे?

तिने नियम समजावून सांगितले. हातवारे करून, करिअरबाईंसारखी मान तिरकी करून. आईने भांडी गोळा करता करता, राहू दे गं आता, असं एकदा म्हणून पाहिलं. आजोबांनी मात्र हात वर केला. पोरगी एवढं शिकून आली आहे तर बघू या, म्हणाले. टेबलाचं सांगायला त्यांना जड जात होतं की काय कोण जाणे. थोडा वेळ मिळाला तर त्यांना हवाच असावा.

"पहिले बाबा," चिमी म्हणाली.

बाबा उठले, हसले, खुर्चीत बसले. हात गुडघ्यांवर. केस कापायला बसावं तसे.

आतोबांनी सुरुवात केली. मेहुण्यांचं मुख्य म्हणजे ड्रायव्हिंग, ते म्हणाले. एवढी वर्षं गाडी चालवतात पण एक ओरखडा दाखवा. पार्किंगला जागा नसली तरी यांना मिळते, ही देवाची देणगीच. सगळे हसले. बाबाही हसले. आई म्हणाली, ते कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. हे ती कौतुकाने सांगायला गेली होती, पण 'कुणाला' या शब्दावर तिचा आवाज जरासा अडखळला आणि ती पुन्हा भांड्यांकडे वळली. आजी वाटीतल्या कवळीशिवायच बोलली; फारसं कळलं नाही, पण जेवतो छान, असं काहीतरी होतं. पुन्हा हशा.

चिमीला हे चाललंय ते बरं वाटेना. वर्गात असं झालं नव्हतं. वर्गात लोक विचार करून बोलत होते. इथे प्रत्येकजण बाबांच्या भोवतीचं काहीतरी उचलून देत होता, गाडी, पार्किंग, भूक. म्हणून तिने आत्याकडे मोर्चा वळवला.

"आत्या, तू कामाबद्दल सांग. टेबलावरच्या कामाबद्दल."

आत्याने साडीच्या पदराने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. दादाच्या हातून आजपर्यंत एक माप तुटलेलं नाही, ती म्हणाली, गाडीत कितीही आदळआपट होवो.

"ते नाही गं. दात बसवण्याबद्दल."

"ते मला नाही सांगता येणार, चिमे," आत्या म्हणाली, आणि तिने आजोबांकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. आतोबांनी लांब केलेले पाय हळूच आत घेतले.

इथे थांबायला हवं होतं. पुढे किती तरी दिवस चिमी याच जागी परत परत येणार होती, हीच ती जागा, इथे गप्प बसायचं होतं. पण नुकतं बोलायला शिकलेल्या माणसाला गप्प बसणं म्हणजे माघार वाटते.

"मग आजोबा, तुम्ही सांगा. बाबा खिडकीच्या टेबलावर बसले तर कसे?"

आजोबांची एक पद्धत होती आणि तीच या घराची पद्धत होऊन बसली होती. कुणी कवळी करून आणली की ते डोळे मिटायचे आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवायचे. काही बोचलं, तर एक शब्द न बोलता ती कवळी परत करणाऱ्याच्या टेबलावर ठेवायचे. चुकलंय म्हणायचे नाहीत, कुठे तेही सांगायचे नाहीत. ज्याने केली त्याने शोधायचं. घरातही कुणी कुणाला वाईट म्हणत नसे. वस्तू तेवढी परत टेबलावर यायची. आत्या अशी शिकली. आजोबाही त्यांच्या वडिलांकडून असेच शिकले होते.

आजोबांनी आता डोळे मिटले. अंगठा बोटांवर घासला जात होता.

"त्याला हात नाही," ते म्हणाले.

आईच्या हातातला चमचा ताटात पडला.

"विशीच्या आतच कळलं होतं मला. त्याचा दात वाकडा नसायचा. सरळच असायचा. पण तोंडात घातल्यावर माणूस हसला की ते हसू त्या माणसाचं वाटायचं नाही. परत टेबलावर ठेवली, परत ठेवली, किती ठेवणार? मग एक दिवस पोचवणारा आजारी पडला. म्हटलं, ही पेटी तेवढी पोचवून ये. म्हटलं, थोडे दिवस."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं. उतरवायचं कुठे ते न कळल्यासारखं. त्यांनी ओठ उघडले.

आणि चिमी म्हणाली, "बाबा, बोलायचं नाही."

आपसूक गेलं तोंडातून. नियमच होता. वर्गात नंतर हा खेळ चालवताना तिने हे दहा जणांना म्हटलं होतं, हसत हसत, बोट ओठांवर ठेवून. आताही बोट ओठांवर होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तोंड मिटलं. आज्ञाधारक मुलासारखं.

चिमीला वाटलं आपलं ते बोट कुणीतरी कापून न्यावं.

"तुझं राहिलं गं," आतोबा हळू आवाजात म्हणाले. त्यात थट्टा नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

तिचं राहिलं होतं. खोलीत सगळ्यांत जास्त बोलणारी ती, आणि तिने शोधलं, खरंच शोधलं, पण हाताला काही लागेना. बाबा दिवसभर काय करतात? कुठल्या दवाखान्यात आधी जातात? वाटेत कुणाशी बोलतात, कुठे जेवतात? ती एकदाही त्यांच्याबरोबर गेली नव्हती. शाळेच्या कोपऱ्यावर त्यांची गाडी दिसली की ती मैत्रिणींना दुसऱ्या बाजूने नेत असे.

"बाबा जबाबदार आहेत," ती म्हणाली. "वक्तशीर आहेत. त्यांच्यात नेतृत्वगुण..."

ही वाक्यं वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यातली होती. तिसरं वाक्य तिथेच सोडून ती गप्प झाली. मुखस्तंभ होते तेच बरं होतं, असं तिला वाटलं.

"धन्यवाद," बाबा म्हणाले.

या घरात हा शब्द कुणी कुणाला म्हणत नसे. तो शब्द बाबांनी अगदी नीट, नियमाप्रमाणे म्हटला, आणि उठले. खुर्ची उचलून टेबलाशी ठेवायला निघाले, कारण वस्तू जागच्या जागी ठेवणं हेही त्यांच्याकडेच असायचं.

"असू दे तिथेच," आजोबा म्हणाले.

ते टेबलाच्या कडेचा आधार घेत उठले. आत्या पुढे झाली, तिला त्यांनी मानेनेच थांबवलं. मग खुर्चीत बसले, सावकाश, कापणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबून.

"नियम तोच ना?" त्यांनी चिमीला विचारलं.

चिमीने मान हलवली.

आतोबांनी घसा साफ केला आणि नुसताच साफ केला. आई भांडी तिथेच ठेवून दाराशी उभी राहिली होती. शेवटी पाळी कुणाची ते न ठरवताच सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबा खिडकीबाहेर बघत बोलले. "परत टेबलावर ठेवायचात ते मला कळायचं, अण्णा. मी मूर्ख नव्हतो. पेटी दिलीत तेव्हाही कळलं. मला वाटायचं, दोन-चार महिने जातील आणि तुम्ही एक दिवस बोलवाल, सांगाल, बाबा रे, हे तुला जमणार नाही. मग विचाराल, तुला दुसरं काय करायचंय? मी उत्तर तयार ठेवलं होतं."

त्यांनी खिडकीची कडी सरळ केली.

"रोज पेटी ठेवायला खाली कारखान्यात यायचो, तेव्हा वाटायचं आज विचारतील. मग तसं वाटायचं बंद झालं. कधी झालं ते आठवत नाही. एकदा विचारायचं होतंत, एवढंच माझं म्हणणं."

आजोबांनी तोंड उघडलं. चिमीने या वेळी काही म्हटलं नाही, कुणीच म्हटलं नाही. त्यांना हवं ते बोलता आलं असतं. घरात त्यांना कोण अडवणार? पण त्यांनी पोराकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि तोंड पुन्हा मिटलं. त्यांची मान खाली गेली. एवढा ताठ माणूस, पण त्या खुर्चीत तो कुणाच्या तरी घरी काही मागायला आल्यासारखा दिसत होता.

"धन्यवाद," ते म्हणाले. अर्धा शब्द ऐकू आला, अर्धा आतच राहिला.

आजीने वाटीतून कवळी उचलली, झटकली आणि तोंडात बसवली. आजी दात घालून बोलायला लागली की बोलणं शेवटचं असतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"टेबल माझ्या पोरीचं," आजी म्हणाली. "गेलं वर्षभर तीच करते आणि तुमची म्हणून जाते. ही माझ्या तोंडातली कुणाची आहे? मला काय कळत नाही? परत आली ती तेवढी तुमची होती."

आत्याने चष्मा काढला आणि बराच वेळ घातलाच नाही. आजोबांनी मान हलवली. एवढ्यावर तीन पिढ्यांचं टेबल आत्याचं झालं, ना पेढा ना टाळी.

"आणि दादाचं?" आत्याने विचारलं.

"त्याला विचारा," आजी म्हणाली. "मला काय विचारता? सगळे मलाच विचारतात."

पण त्या दिवशी कुणाला विचारण्याचा धीर झाला नाही. बाबांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि भांडी आत नेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी शाळेच्या बसला गेली नाही. गाडीपाशी जाऊन उभी राहिली. बाबांनी काही विचारलं नाही. पुढच्या सीटवरची पेटी उचलली, ती बसल्यावर तिच्या मांडीवर ठेवली. धर म्हणाले, वळणावर सरकते. पेटीत कापसाच्या घड्यांमध्ये आत्याने बसवलेले दात होते, आणि प्रत्येक खड्ड्याला ते एकमेकांवर हलकेच वाजत होते.

दोन वळणं ती गप्प होती. हे तिच्या मानाने फारच झालं.

"बाबा, पुढच्या आठवड्यात व्यवसाय दिन आहे," शेवटी ती म्हणाली. "मी तुमचं नाव दिलंय. कारागीर म्हणून सांगितलं."

बाबांनी समोरची गाडी जाऊ दिली.

"आणि शाळेच्या कोपऱ्यावर तुमची गाडी दिसली की मी..."

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "म्हणून मी हल्ली मागच्या रस्त्याने जातो."

चिमीने पेटीच्या कडीवर नख घासलं. पुसायला रुमाल नव्हता, बाही होती. बाबा रस्त्याकडे बघत राहिले. तिच्या रडण्यालाही त्यांनी जागा करून दिली, कुठे पार्किंग मिळतं ते त्यांनाच कळायचं.

"तुम्ही काय उत्तर तयार ठेवलं होतं?" तिने विचारलं. करिअरबाईंचा आवाज नव्हता त्यात, तिचा जुना, आतल्या खोलीतला आवाज होता.

बाबांनी गिअर बदलला. म्हणाले की उत्तर होतं, चांगलं पाठ होतं, पण ते विशीतल्या पोराचं होतं. आता तेच द्यायचं का, हे काल रात्रीपासून बघतोय. अजून ठरलं नाही.

"मग बाईंना काय सांगू? कारागीर काढून टाकते. पण तिथे काय म्हणू?"

"तेच सांग. ठरायचंय म्हणून."

शाळेचं फाटक आलं. बाबांनी गाडी नेहमीच्या मागच्या रस्त्याला वळवली नाही, सरळ पुढच्या दारी आणली, आणि मुलांच्या गर्दीत, सगळ्यांसमोर थांबवली. हात पुढे करून पेटी मागितली. ती देताना चिमीने पहिल्यांदा त्यांच्या तळव्यावरचा कडीचा वळ पाहिला.

"त्या दिवशी येतो मी," बाबा म्हणाले. "भाषण नको. पण एक विचारून ठेव तुझ्या बाईंना. ज्यांचं अजून ठरलेलं नाही, ते कुठे बसतात?"

मागून कुणीतरी हॉर्न दिला. शेजारच्या बाकावरची मुलगी, सर्जनची, फाटकाशी उभी राहून बघत होती. चिमी उतरली आणि तिने दार उघडंच धरलं.

"माझ्याजवळ," ती म्हणाली. "माझ्या बाकावर जागा आहे."